मी आहे ना खाली

आमच्या घरात कुणी स्टुलावर चढलं की खालून कुणीतरी म्हणायचंच, "चढ तू, मी आहे ना." म्हणणारा स्टूल धरायचाच असं नाही. बऱ्याचदा तो दाराला टेकून चहा पीत असायचा. तरी तेवढ्यानं चढणाऱ्याच्या पायांना बळ यायचं. हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. पुढे २२ वर्षं समुद्रातल्या रिगवर मेकॅनिक म्हणून काढली आणि त्या सगळ्या काळात मला धडकी भरली असेल तर ती याच वाक्याची.

रिग म्हणजे नेमकं काय, हे गावाकडे सांगताना अजूनही माझी पंचाईत होते. "बोटीवर असतोस ना?" असं विचारतात. बोट नव्हे. आमची जॅक-अप रिग. तीन लोखंडी पाय समुद्राच्या तळावर रोवून अख्खा डेक पाण्याच्या वर उचलून धरते, लाटा खालून जातात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, मुंबई हायच्या परिसरात, जिथं 'सागर सम्राट'ला फेब्रुवारी १९७४ मध्ये पहिल्यांदा तेल लागलं, तिथं माझी निम्मी नोकरी गेली. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, २८ दिवस राहायचं, २८ दिवस घरी. गणपती कधी मिळाले, बरेचदा हुकले.

डेकवर जो १६० फुटी मनोरा दिसतो तो डेरिक. ज्यानं आडावरून पाणी ओढलंय त्याला तो समजावून सांगायला वेळ लागत नाही. आडावर एक कप्पी असते, आमच्या डेरिकच्या माथ्यावर सहा. रिगवर कप्पीला शीव म्हणतात आणि त्या सहांच्या जुडग्याला क्राउन. खाली अधांतरी लोंबतो तो ट्रॅव्हलिंग ब्लॉक, त्यात आणखी पाच शीव. मनगटाएवढ्या नव्हे, पण अंगठ्याहून चांगल्या जाड पोलादी दोराच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधून दहा येरझारा होतात. दोराचं एक टोक ड्रॉ-वर्क्स नावाच्या, दोर ओढणाऱ्या यंत्राच्या ड्रमवर गुंडाळलेलं, दुसरं खाली घट्ट जखडलेलं. ड्रमनं दोर ओढला की ब्लॉक वर, सोडला की खाली. नुसता ब्लॉक आणि त्याला लटकलेला, पाइप फिरवणारा टॉप ड्राइव्ह मिळूनच वीस-पंचवीस टन भरतात. विहिरीतले पाइप लागले की शेकड्यांत जायचं.

हा दोर कायमचा नसतो. त्यानं किती टन किती मैल वाहिले याचा हिशेब, टन-माइल, रोज वहीत चढतो. ठरलेला आकडा भरला की नवा दोर आत सरकवायचा आणि ड्रमकडचं टोक कापून टाकायचं. यालाच स्लिप अँड कट म्हणतात. कापायचा तेव्हा दोर अगदी धडधाकट दिसत असतो. माझ्या आईला हे कधीच पटलं नाही. "चांगला दोर टाकून देता? एक तुकडा आण की कपडे वाळत घालायला." तो मीटरला पाच किलो भरतो असं सांगितल्यावर ती गप्प झाली, पण कंपनीबद्दलचं तिचं मत काही सुधारलं नाही.

जाता जाता एक गंमत. डेरिक हे मूळचं आडनाव आहे, आणि तेही लंडनच्या एका फाशी देणाऱ्याचं. थॉमस डेरिक. १६०१ साली अर्ल ऑफ एसेक्सचं मुंडकं त्यानंच उडवलं म्हणतात. त्याच्या नावावरून आधी फाशीच्या चौकटीला लोक डेरिक म्हणू लागले आणि मग वजन उचलणाऱ्या यारीला. हे मला कळलं तेव्हा मी क्राउनवर जाऊन आलो होतो, ते बरं झालं.

वर जाण्याचं काम तसं कंटाळवाणं असतं. ब्लॉक थांबवायचा, शिडीनं माथ्यावर जायचं, सहाही शीवना ग्रीस द्यायचं, बेअरिंग हलतंय का ते हातानं डुलवून बघायचं, दोर ज्या खोबणीतून जातो ती किती झिजली ते गेजनं मोजायचं. ब्लॉक चुकून माथ्याला धडकलाच तर धक्का सोसायला क्राउनखाली लाकडी ठोकळे असतात, त्यांना जाळी नीट बसली आहे ना तेही बघायचं, नाहीतर धक्का राहिला बाजूला, ढलप्याच खाली कुणाच्या तरी डोक्यात जातील. काही वर्षांनी सगळं खाली उतरवून, खोलून, चुंबकीय तपासणीनं बारीक तडे शोधतात. ते मोठं काम. माझ्या वाट्याला रोजचं, महिन्याचं असं बारीकसारीक यायचं.

चढताना पाठीवर फॉल अरेस्टरची तार लावलेली असते. गाडीच्या सीटबेल्टसारखी: हळू ओढली तर सुटत राहते, झटका बसला की जागच्या जागी आवळते. वर पोहोचलं की हार्नेसचे दोन हुक. एक काढायचा तर दुसरा आधी अडकवलेला पाहिजे. पहिल्या महिन्यात प्रत्येक हुक मी तीनदा ओढून बघायचो. सहाव्या महिन्यात एकदा, पुढे नुसता 'खट्' आवाज ऐकून खात्री मानायला लागलो. उंचीची भीती एवढ्या लवकर सोडून जाईल असं वाटलं नव्हतं. ती होती तोवर माझे हात जास्त शहाणे होते.

वरून दिसतं मात्र अफाट. हिवाळ्यात सकाळी समुद्र ताटासारखा सपाट असतो, दूरदूर दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या ज्योती. पावसाळ्यात वर जाणं म्हणजे वाऱ्याची परवानगी काढून जाणं. वाऱ्याचा ठरलेला आकडा ओलांडला की काम बंद, मग टूलपुशर, म्हणजे रिगवरच्या कामाचा प्रमुख, कितीही चडफडो. आणि तो चडफडतोच. रिगच्या एका दिवसाच्या भाड्यात आमच्या गावात टुमदार बंगला उभा राहील.

लोकांना वाटतं, उंचीवरच्या कामात चढणाऱ्यालाच काय तो धोका. आमच्या आजीला तसं वाटत नसे. आगरात नारळ पाडायला माणूस यायचा त्या दिवशी ती आम्हा पोरांना ओटीवर बसवून ठेवायची. माडाखालून कोंबडंही जाता कामा नये. तो वरून हाक द्यायचा, ही खाली चारी बाजू बघून "हां, टाक" म्हणायची, मगच कोयता चालायचा. तिनं होकार दिला नाही तर तो झावळ्यांत तसाच लटकून राहायचा, एकदा तर शेजारच्यांची म्हैस हलेपर्यंत. रिगवर मला 'ड्रॉप्ड ऑब्जेक्ट'चं प्रशिक्षण दिलं तेव्हा स्लाइडवर लाल रंगाचा गोल काढून 'या क्षेत्रात प्रवेश नाही' असं लिहिलं होतं. मला ओटी आठवली.

हिशेब साधा आहे. अर्ध्या किलोचा पाना ४५ मीटरवरून सुटला तर तीन सेकंदांत खाली येतो, आणि येतो तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर असतो. त्याचा मार २०० जूलच्या पुढे जातो. आपल्या डोक्यावरच्या हेल्मेटची चाचणी होते ती साधारण ५० जूलच्या माऱ्यावर. शिवाय पाना सरळ पडत नाही. डेरिकच्या आडव्या गर्डरला आपटून तिरपा उडतो, म्हणून नुसतं बरोबर खाली उभं न राहून भागत नाही. हत्यारं दोरीनं बांधायची, खिसे रिकामे करायचे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली. खारं वारं तर आमच्याआधीपासून वर काम करत असतंच: दिव्याच्या कंसाचा बोल्ट, एखादी स्प्लिट पिन, रंगाखाली आतून पोखरलेला क्लॅम्प. वरून रंग इतका सुरेख असतो की नखानं टोकरल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक स्पीकरला दुसरी एक तार बांधलेली असते, पहिलं तुटलं तर लोंबकळत राहावं म्हणून.

हत्यारांची मोजणी हा माझा आवडता प्रकार. जाताना ११ लिहिली, येताना १० भरली. ब्लॉक चालवणारा ड्रिलर घड्याळ दाखवतोय, पाइप काढायला सुरुवात करायची आहे. मी पुन्हा वर. पाऊण तासानं १० नंबरचा रिंग पाना त्या लाकडी ठोकळ्यांच्या फटीत सापडला, दोरी सुटलेली. ब्लॉक चालू झाला असता तर त्या धक्क्यांनी तो कधीतरी, कोणत्यातरी पाळीत, ज्याला यातलं काहीच माहीत नाही अशा पोराच्या अंगावर आला असता. ड्रिलरनं पाऊण तासाचा तपशील अहवालात 'हत्यार शोधणे' असा लिहिला. त्यावर मुंबईहून विचारणा झाली, पाना किती रुपयांचा होता.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

नोकरीचं सहावं वर्ष असेल. आमचे ड्रिलर साताऱ्याकडचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे, अगदी पंजाबी क्रेनवालाही. ब्रेकच्या दांड्यावर हात असा की २५ टनांचा ब्लॉक फ्लोअरवर टेकवताना खालचं अंडं फुटू नये. साडेअकराच्या सुमाराला मी त्यांना म्हटलं, "आबा, क्राउनवर जातोय. गेज घ्यायचेत."

"जा बिनधास्त. मी आहे ना खाली."

ब्लॉक डेरिकमध्ये मधल्या उंचीवर थांबवलेला. ब्रेकच्या दांड्याला साखळी अडकवलेली. परमिटवर सह्या झालेल्या. ड्रॉ-वर्क्सची वीज तोडली होती, आणि वीज तोडली म्हणजे झालं अशीच माझीही समजूत होती. पण लटकत्या वजनाला खाली यायला वीज कशाला लागते? ब्रेक सैल झाला की पृथ्वी फुकट ओढते.

१२ वाजता पाळी बदलली. आबा खाली बदलीच्या ड्रिलरला सगळं सांगून गेले: मडचं (विहिरीत सोडतात त्या चिखलाचं) वजन, पाइपांची मोजणी, दोन नंबरच्या पंपाचं गळकं सील. वर माणूस आहे, एवढंच राहिलं. मला वाटतं, ते विसरलेही नसावेत. त्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट इतकी उघड होती की सांगायची काय. नव्या ड्रिलरला टॉप ड्राइव्हखालचा एक जोड बदलायला ब्लॉक जरासा खाली हवा होता. साखळी होती, पण साखळीला ना पाटी ना कुलूप. त्यानं ती काढली आणि ब्लॉक अलगद खाली घेतला. अर्धा मीटर, फार तर.

इथं पुन्हा कप्प्यांचं गणित. दहा फेऱ्यांच्या दोरात ब्लॉक अर्धा मीटर उतरला की ड्रमकडच्या पहिल्या शीववरून पाच मीटर दोर धावतो. ही शीव दीड मीटर व्यासाची, म्हणजे तिचा एक पूर्ण फेरा. त्याच क्राउनमधली पलीकडची, जखडलेल्या टोकाकडची शीव तेव्हा तसूभरही हलत नाही. मी त्या पलीकडच्या शीववर असतो तर मला काही कळलंही नसतं. मी पहिलीवर होतो. खालच्या मोकळ्या खोबणीत गेज घालून आकडा बघितला होता आणि तो खडूनं लिहायला हात बाहेर काढला होता. गेज तिथंच टेकवून ठेवलेलं.

आवाज असा काहीच झाला नाही. ग्रीस भरलेली शीव किती गुपचूप फिरते. गेज खोबणीतून वर गेलं, दोर आणि शीवच्या चिमटीत सापडलं आणि दुसऱ्या बाजूनं चुरगळलेल्या बिस्किटाच्या कागदासारखं बाहेर आलं. त्याची दोरी मी हत्यारांच्या पिशवीला बांधली होती. पिशवी हिसका खाऊन कठड्यावर आदळली. आधीच्या महिन्यापर्यंत ती दोरी मी मनगटाला बांधत असे. का बदललं, आठवत नाही. मनगटाला काचते म्हणून असेल.

मी रेडिओवर ओरडलो की नुसताच ओरडलो, तेही आठवत नाही. खाली सगळं थांबलं. उतरताना मात्र प्रत्येक हुक तीनदा ओढून पाहिला.

चौकशी झाली, फॉर्म भरले गेले, दोघा ड्रिलरना समज मिळाली, मलाही मिळाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते रात्रीचं. आबा माझ्या केबिनमध्ये दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्या हातात दिला, समोरच्या बंकवर बसले आणि कितीतरी वेळ माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मला इतकं अवघडलं की मी हात चादरीखाली घेतला. कप रिकामा झाल्यावर उठले.

"इथनं पुढं कुलूप घालत जा," म्हणाले. "मी असलो तरी घालत जा."

पुढे नियम बदलले, किंवा आधीपासून कागदावर होते ते पाळले जाऊ लागले म्हणा. क्राउनवर माणूस जाणार असेल तर ब्लॉक फ्लोअरवर टेकवायचा, नाहीतर डेरिकलाच जाड स्लिंगांनी टांगून ठेवायचा, म्हणजे ब्रेक सुटला तरी वजन दोरावर येणारच नाही. वीज तोडायची ती ब्रेकरपाशी, इलेक्ट्रिशियनच्या हातून. ब्रेकच्या साखळीला आणि ब्रेकरला, दोन्हीकडे वर जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. चार जण वर, तर एकेका ठिकाणी चार कुलपं. चावी ज्याची त्याच्या गळ्यात. पाळी संपली की खाली येऊन आपलं काढायचं, येणाऱ्यानं आपलं लावायचं. कुणी दुसऱ्याचं उघडायचं नाही.

वाचायला सरळ वाटतं. पण कुलूप लावायचं असतं ते माणसाच्या तोंडावर. पहिल्यांदा मी एका नव्या ड्रिलरसमोर ब्रेकच्या साखळीत माझं लाल कुलूप अडकवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "भरोसा नहीं है क्या?" आता याला काय उत्तर द्यायचं? भरवसा नाही म्हणावं तर माणूस दुखावतो, आणि आहे म्हणावं तर कुलूप कशाला? आपल्याकडे शेजाऱ्याच्या देखत दाराला कुलूप लावतानाही लोक उगाच काहीतरी बोलतात, "कुत्री शिरतात हो." मीही तसंच काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर बऱ्याच वर्षांनी सापडलं, ते मी मनातच ठेवलं: भरवसा तुझ्यावर आहे, तुझ्यानंतर या खुर्चीवर बसणाऱ्याला मी ओळखत नाही.

कुलपानं एकदा माझी फजितीही केली. ब्रेकरवरचं कुलूप न काढता मी तसाच हेलिकॉप्टरमध्ये बसलो, चावी गळ्यात. रिगवर काम अडलेलं. जुहूला उतरलो तर माझ्या नावाचा पुकारा चाललेला. फोनवर टूलपुशरनं मला माझंच नाव, वडिलांचं नाव आणि मी आत्ता कुठं उभा आहे ते विचारलं, मग एका साक्षीदाराला जवळ उभं करून कुलूप कापलं. शिव्या भरपूर बसल्या. पण मी डेरिकवर नाही याची खात्री होईपर्यंत त्यांनी करवत हातात घेतली नव्हती.

पडण्याबद्दल मी फारसं लिहिलं नाही, कारण हार्नेस सहसा आपलं काम करतो. त्यानं झेलल्यानंतरचं मात्र पुष्कळांच्या डोक्यात नसतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून त्याला उतरवायचं कसं, हे चढायच्या आधी ठरलेलं लागतं. आम्ही ८० किलोची वाळूची डमी मंकी बोर्डच्या, म्हणजे डेरिकमध्ये उंचावर डेरिकमन उभा राहतो त्या फळीच्या, वर टांगून सराव केला. पहिल्या खेपेला २६ मिनिटं लागली. निम्मा वेळ माणसं उचलायची खास विंच दुसऱ्या सामानामागे अडकली होती म्हणून गेला, साध्या विंचनं माणूस उचलायला बंदी. "गेला बिचारा," म्हणून आम्ही हसलो. डेरिकमन तेवढा हसला नाही. त्या जागी रोज तोच उभा असायचा. तिसऱ्या सरावाला आम्ही नऊ मिनिटांवर आलो, आणि हार्नेसला पाय टेकवून उभं राहायच्या पट्ट्या आल्या त्याही त्याच वर्षी.

आबा निवृत्त झाले. अधूनमधून फोन असतो, ऊस, पाऊस, गुडघे. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही काढलेला नाही.

गेल्या मे महिन्यात गावच्या घरी माजघरातला पंखा उतरवायचा होता. जुनं घर, जुनं वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज. मी स्टूल लावलं. आईनं बटण बंद केलं आणि बटणापाशीच उभी राहिली. ८१ वर्षांची आहे. म्हणाली, "चढ तू. मी आहे ना इथं."

मी ओटीवर गेलो, फ्यूज उपटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. परत आलो तर ती माझ्या खिशाकडे बघत होती. काही बोलली नाही. पंख्याची कॅनोपी गंजून बसली होती, स्क्रू सुटेना, चांगली वीस मिनिटं गेली. घाम पुसायला खाली बघितलं तर ती तिथंच, एक हात भिंतीला टेकवून, दुसऱ्या हाताचा तळवा त्या मेलेल्या बटणावर झाकून उभी. बाहेर कुणीतरी हाक मारली तरी वळली नाही.

"झालं का रे?" तिनं विचारलं. "हलू मी इथनं?"